चघळाई

१

मला उष्टं चालत नाही. कुणाचंच. आमच्या लग्नात बायकांनी सुहासिनीला अर्धी जिलबी चावायला लावली आणि उरलेली अर्धी माझ्या तोंडात कोंबली, तेव्हा पंगत उठेपर्यंत ती मी गालात धरून बसलो होतो. मग मोरीत जाऊन थुंकलो. सुहासिनीनं ते पाहिलं आणि आजतागायत ती विसरलेली नाही. "आमच्या यांचं सोवळं देवापुढे नसतं, सगळं जिभेवर असतं," असं ती शेजारणींना सांगते. सांगू दे. ऑफिसात कुणी बशीतला चहा फुर्र करून ओढला तरी मी उठून खिडकीपाशी जातो. माणसाच्या तोंडाइतकी ओंगळ जागा देवानं दुसरी केली नसेल.

मी अंबरनाथला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे. दिवसभर दातेरी चाकं आणि बेअरिंगं काढायची, पाचचा भोंगा झाला की क्वार्टरवर यायचं, हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि खिडकीपाशी बोर्ड मांडून बसायचं. मग माझी खरी चित्रं सुरू होतात. जनावरं. या जगात नसलेली.

नुसतं अक्राळविक्राळ कुणीही काढेल. दोन शिंगं, चार सुळे, झाला राक्षस. मी तसं काढत नाही. रविवारी वालधुनीकाठच्या शंकराच्या देवळात जाऊन बसलं की तिथले दगडी व्याल, म्हणजे कल्पनेतले सिंह, बघून एक गोष्ट कळते. ज्यानं ते घडवले त्याला ते जनावर उठतं कसं, बसतं कसं, हे ठाऊक होतं. म्हणून मीही आधी सगळं ठरवतो. ते काय खातं, कुठे निजतं, पिल्लं कशी वाढवतं, कशाला भितं. हे ठरलं की चित्र आपोआप उतरतं. माझी चित्रं कुठे छापून आली नाहीत. दोनदा पाठवली, दोन्ही वेळा परत आली. आपण हौशी माणूस, आपलं काय जातंय!

त्रेपन्न सालच्या आषाढात मी जे जनावर काढलं, त्याचं नाव मी चघळाई ठेवलं होतं.

२

सिंधी निर्वासितांच्या कॅम्प तीनच्या वाटेवर एक तबेला होता. कागद आणायला गेलो असताना तिथे एक म्हैस नुकत्याच झालेल्या रेडकाला चाटताना दिसली. ती लांब करडी जीभ, तो चिकट आवाज, आणि रेडकाच्या अंगावरचे केस एकाच बाजूला बसत चाललेले. मी नाकाला रुमाल लावला. तरी मी तिथून हललो नाही. ज्याची शिसारी येते त्याकडेच माझं लक्ष पुन्हा पुन्हा जातं. हा माझा जुना रोग आहे.

घरी येऊन मी चघळाई रचायला घेतली. तिला हात नाहीत. पुढचे पाय रुंद, माती उकरायच्या कामाचे. त्यामुळे जे करायचं ते सगळं तोंडानं. पिल्लू उचलायचं तोंडानं, धुवायचं जिभेनं. ओठ लांब, सैल, त्यांवर बारीक लव. पुढे दात नाहीत, आत दोन्ही बाजूंना जात्यासारख्या सपाट दाढा. दाणा, पाला, जे मिळेल ते चघळून त्याचा लगदा करायचा आणि पिल्लाच्या तोंडात सोडायचा. निजते कुठे? भिंतीच्या आणि जमिनीच्या मधल्या ओलीत.

सुहासिनीला मी हे चहा पिता पिता सांगत होतो. आमची कुंदा तेव्हा अडीच वर्षांची होती, आईच्या मांडीवर बसून बिस्कीट चोखत होती.

"शी!" सुहासिनी म्हणाली. "आणि पिल्लं मोठी झाली की?"

"मोठी होतात, पण सुटत नाहीत. एकदा तिच्या तोंडचा घास खाल्ला की दुसऱ्या कुणाच्या हातचं ती खात नाहीत."

"आणि ती भिते कशाला?"

"ते अजून ठरलं नाही."

"ते आधी ठरवा," ती म्हणाली आणि हसली.

ते ठरवायचं राहूनच गेलं. चित्र मात्र झकास उतरलं. उकिडवी बसलेली चघळाई, मांडीत एक पिल्लू, पाठीवर दोन, पायाशी आणखी तीनचार. पिल्लं मी माणसाच्या पोरांसारखी केली होती. गुबगुबीत. तेवढंच काय ते बघवण्यासारखं होतं. शाई वाळल्यावर मी कागदाची गुंडाळी केली आणि फडताळात टाकली, कारण पुन्हा बघायची माझीच इच्छा नव्हती.

३

श्रावण लागायच्या आधी माईनं, म्हणजे माझ्या आईनं, जिवतीचा कागद आणायला सांगितला. पेणला होतो तोवर तो दाराशी विकायला यायचा. नरसिंह, कालिया, हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती, आणि लेकुरवाळ्या जिवत्या. श्रावणभर तो देवापाशी भिंतीला चिकटवायचा, दर शुक्रवारी पूजा करायची आणि घरातल्या लेकरांना जिवतीच्या ओटीत घालायचं. अंबरनाथला आम्ही त्याच वर्षी आलो होतो. तो कागद इथे कुठे मिळतो ते मला ठाऊक नव्हतं. मी आपला कॅम्पात माझ्या नेहमीच्या टेकचंदच्या दुकानात विचारलं.

"जीवती? वो क्या होती है, साईं?" टेकचंदनं विचारलं.

"बच्चोंको संभालती है."

"तो झूलेलाल ले जाओ ना. सिंध से यहाँ तक हमारे बच्चे उसीने संभाले."

झूलेलाल घेऊन घरी गेलो असतो तर माईनं मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. मी दोन शिसपेन्सिली घेतल्या आणि जिवती विसरलो.

श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी पाचच्या भोंग्यानंतर घरी आलो तर धुपाचा वास सुटला होता. स्वयंपाकघरात देव्हाऱ्याशेजारी भिंतीला खळ लावून माझी चघळाई चिकटवली होती. तिच्या कपाळाला हळदकुंकू, गळ्यात कापसाचं वस्त्र आणि आघाडा-दूर्वांची माळ. पुढे वाटीत चणे-गूळ. खाली माई हात जोडून बसली होती.

"माई, हे काय केलंस?"

"विसरलास ना रे आणायला? म्हणून मीच शोधली. तुझ्या फडताळातच तर होती. आणून ठेवलीस आणि सांगायचं विसरलास, ध्यान कुठलं!"

"अगं, ती जिवती नाही."

"मग अंगाखांद्यावर पोरं कुणाची आहेत? मोतीबिंदू मला झालाय, तुला नाही. नीट बघ."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, ते मला लागू पडलं. हसू आलं. मी कागद काढायला हात पुढे केला तशी माई कडाडली.

"हात लावू नकोस! एकदा हळदकुंकू वाहिलं की श्रावण संपेपर्यंत ती भिंतीवरून हलत नाही. कुंदाला तिच्या ओटीत घातलंय मी."

"कुंदा होती कुठे?"

"शेजारी अंजनीबाईंकडे निजली होती. निजलेलं पोर उठवू नये. म्हणून चारी दिशांना अक्षता टाकल्या. जिथे असेल तिथे जाऊन तिला सांभाळ म्हटलं, आपल्या लेकरासारखी वाढव."

सुहासिनी दारात उभी होती. तिनं मला डोळ्यांनीच खुणावलं, राहू द्या. महिन्याभराचा तर प्रश्न होता. म्हातारीचं मन कशाला मोडा?

४

पुढचा आठवडा काही वेगळा नव्हता. मी कामावर जात होतो, संध्याकाळी चित्रं काढत होतो. फक्त जेवताना मी भिंतीकडे पाठ करून बसू लागलो.

मग एकदा घरी आल्यावर कुंदाला उचलून घेतलं तर तिचं डोकं ओलं लागलं. न्हायल्यासारखं सगळं नाही. डाव्या कानापासून टाळूपर्यंत केस ओले आणि एकाच बाजूला चप्प बसलेले.

"न्हाऊ घातलंस का आत्ता?"

"नाही बाई," सुहासिनी म्हणाली. "मोरीत खेळली असेल."

मी हात नाकाशी नेला. पाण्याचा वास नव्हता. आंबट दूध, चावलेला पाला आणि त्याखाली काहीतरी कोमट. मी साबण लावून तीनदा हात धुतले, तरी रात्री भात कालवताना बोटांना तोच वास येत होता. मी पानावरून उठलो. सुहासिनी रागावली. तिचं बरोबर होतं. आपल्या पोरीच्या डोक्याला हात लावून कुणी पानावरून उठतं का?

चित्राखाली भिंतीवर ओल आली होती. श्रावणात आमच्या क्वार्टरच्या सगळ्याच भिंती घाम सोडतात, त्यात नवल नव्हतं. पण ओल छपरातून उतरते नाहीतर जमिनीतून चढते. ही मधेच होती. ताटाएवढी, गुळगुळीत, चकाकणारी. उभी राहिली तर कुंदाचं डोकं जिथवर येईल, बरोबर तिथे. मी फडक्यानं पुसली तर फडक्याला तार आली.

मी स्वतःला समजावलं. खळ उतरली असेल. पिठाची खळ ओलीनं चिकट होणारच. दुसऱ्या दिवशी तिथे पुन्हा ओल होती आणि मी पुन्हा खळीवरच विश्वास ठेवला.

५

कुंदा जेवेनाशी झाली. भाताचा घास पुढे केला की मान फिरवायची. दूध नको, बिस्कीट नको. तरी पोट टम्म, गाल वर आलेले, आणि तृप्त ढेकर देत घरभर हिंडायची. "बाळसं धरलंय हो पोरीनं," माई कौतुकानं म्हणायची. "जिवतीची कृपा."

दुसऱ्या शुक्रवारी घरी आलो तेव्हा वाटीतले चणे नाहीसे झालेले होते. कुंदा देव्हाऱ्यापाशी बसली होती आणि तिचा एक गाल फुगलेला होता. चणा पोरांच्या घशात अडकतो, म्हणून आम्ही तिला कधी देत नव्हतो. मी घाबरून तिच्या तोंडात बोट घातलं. आख्खा चणा एकही नव्हता. बोटाला लागला तो लगदा. चण्याचा, गुळाचा, लोण्यासारखा बारीक वाटलेला, कोमट, लाळेनं बुळबुळीत. त्यात एक केस होता. करडा, ताठ, शिवणाच्या दोऱ्याएवढा जाड. मी मोरीकडे धावलो आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकलो.

मला वाटलं, माझं डोकं आता चाललं. मी सरळ माईसमोर जाऊन उभा राहिलो. पेणला म्हाताऱ्या बायका नातवंडांना चावून घास भरवताना मी लहानपणी पाहिल्या होत्या. त्या आठवणीनंच माझा आवाज चढला.

"माई, तू तिला चावून भरवतेस का? खरं सांग. माझ्या घरात ही घाण चालणार नाही!"

 माईनं पदर बाजूला केला आणि माझ्यापुढे आ वासला. दोन्ही हिरड्या कोऱ्या होत्या. तिचा शेवटचा दात मागच्या दिवाळीत पडला होता. तो मीच परसात पुरला होता.

"कशानं चावू?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी स्वतः वरणात कालवून गिळते रे. आईला बोलायची ही रीत झाली?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मनात दुसरंच चाललं होतं. लगदा इतका बारीक होता, म्हणजे तो दाढांनी केलेला होता. पुष्कळ दाढांनी.

६

आता संशय घ्यायला भाजीवाली आवडी उरली होती. बदलापूरच्या पलीकडून, बारवी नदीच्या अंगच्या एका वाडीवरून ती आठवड्यातून दोनदा रानभाजी, दूर्वा, आघाडा घेऊन यायची. मागच्या दाराशी बसायची, कुंदाशी खेळायची. रविवारी सकाळी ती आली, तिनं कुंदाला जवळ ओढलं आणि लगेच दूर सारलं.

"पोरीला गायीनी चाटलंय का गो बाय? वासरावानी वास येतंय हिच्या अंगाला."

मी बाहेर आलो आणि तिला विचारलं. वाईट शब्दांत विचारलं. तूच हिला चावलेलं भरवत असशील, असं म्हणालो.

आवडीनं टोपली डोक्यावर घेतली. "माजा हात लागलेला तांब्या तुमी धुवून घेताव. नि मी चावलेलं तुमच्या पोरीला चालंल व्हय? हाय का तुमचं डोकं ठिकानावर?"

ती गेली ती परत आली नाही. तिला काय दोष द्यायचा?

त्याच दिवशी दुपारी माई आणि सुहासिनी बाहेरच्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. बाहेर भुरभुर चालू होती. मी बोर्डावर मान घालून बसलो होतो आणि मला आवाज ऐकू आला. स्वयंपाकघरातून. कुणीतरी सावकाश काहीतरी चघळत होतं. ओठ मिटून नव्हे, उघडे ठेवून. चप, चप, मग थोडं थांबून एक लांब ओढ, जीभ टाळ्याला लागून सुटल्यासारखी. मी ज्या आवाजापासून जन्मभर पळत आलो, तोच आवाज माझ्या घरात निवांत बसला होता. त्यात घाई नव्हती, वखवख नव्हती. आई पोराला भरवताना जशी मऊ होते, तसा तो आवाज मऊ होता. त्या मऊपणाचीच मला सगळ्यात जास्त किळस आली.

मी दारापर्यंत गेलो. आवाज थांबला. कुंदा भिंतीकडे तोंड करून एकटीच उभी होती. तिचे टाळूवरचे केस वर उचलले जात होते आणि ओले होऊन खाली बसत होते. वाऱ्यानं, असं मी म्हणालो. पण खिडकी बंद होती.

मी तिला उचललं, बाहेर आणलं, सुहासिनीला उठवलं आणि सगळं सांगितलं. ती हसली नाही. मुलीच्या ओल्या टाळूवरून तिनं पदर फिरवला, तो हुंगला, आणि म्हणाली, "गेल्या आठवड्यापासून मीही ऐकतेय. मला वाटलं, तुम्हाला सांगितलं तर तुम्ही घरात जेवायचंच सोडाल."

७

सोमवारी मी रजा टाकली, आणि माई देवळात गेली तेव्हा आम्ही दोघांनी चित्र काढायचं ठरवलं. ते निघेना. खळ सुकून भिंतीशी एकजीव झाली होती. कोपरा ओढला की भिंतीचा पोपडा निघायचा, आणि कागद तसाच.

मग मी माझ्या धंद्यातली युक्ती केली. ऑफिसात शाईची रेघ चुकली की आम्ही दाढीच्या पात्याच्या तुकड्यानं ती खरवडून काढतो. हात हलका लागतो, कागद फाटू द्यायचा नसतो. सगळं चित्र खरवडण्याची गरजच नव्हती. हात तिला मी दिलेच नव्हते. तिचं सगळं करणं तोंडात होतं. मी पातं घेतलं आणि तिचे ओठ, जीभ, आतल्या दाढांच्या रांगा, सगळं बारीक भुग्यासारखं पाडलं. ओठांच्या जागी पांढरा, खरबरीत कागद राहिला. त्या तोंड नसलेल्या थोबाडाकडे बघून मला फार बरं वाटलं. सुहासिनीनं भुगा गोळा करून चुलीत टाकला.

संध्याकाळी आवाज आला नाही. भिंतीवरची ओल सुकली. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी दोन वेळचं जेवलो.

कुंदा जेवली नाही.

८

दुसऱ्या दिवशीही जेवली नाही. सुहासिनीनं मऊ भात केला, पेज केली, दुधात साखर विरघळवली. दाताच्या कण्या केल्या. कुंदा दात घट्ट मिटून घ्यायची. नाक दाबून चमच्यानं घातलं तर सगळं बाहेर यायचं. पाणी तेवढं थेंब थेंब उतरायचं. माईनं दृष्ट काढली, अंजनीबाईंनी मध चाटवून पाहिला. डॉक्टरांनी घसा बघितला, पोट दाबलं, "काही नाही, हट्ट आहे, भूक लागली की खाईल," म्हणाले आणि गोड औषध दिलं. तेही तिनं ओकून टाकलं.

ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. ती स्वयंपाकघरात जाऊन त्या भिंतीपुढे बसायची, मान वर करायची आणि तोंड उघडायची. पाखराच्या पिल्लासारखं. तासच्या तास. तोंड वाळून ओठांना भेगा पडल्या तरी ती आ मिटायची नाही. उचलून आणलं की पुन्हा रांगत तिथेच. चालायची ताकद तिच्यात राहिली नव्हती.

आणि भिंतीतूनही काही येत होतं. आवाज नव्हे. ज्याला आवाज करायला तोंडच नाही, त्याची धडपड. मातीत पाय घासल्यासारखी.

आठवडा सरत आला तशी कुंदाच्या डोळ्यांखाली खड्डे पडले. मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं म्हणून सुहासिनीनं तिला शालीत गुंडाळलं. पोरगी तिच्या हातांत चिंधीसारखी लोंबली. सुहासिनी दारापर्यंत गेली, तिथेच थांबली आणि परत फिरली.

"तिचं तोंड परत काढा," ती म्हणाली.

"काय बोलतेस तू? कळतंय का तुला?"

"सगळं कळतंय. ते घाण आहे, ओंगळ आहे, मला ठाऊक आहे. पण माझं पोर उपाशी मरतंय आणि ते त्याला जेवू घालत होतं. मी पुढचं पुढे बघेन. तुम्ही काढा."

"सुहास, मी ते करू शकत नाही. मला..."

"तुम्हाला किळस येते," ती म्हणाली. "जिलबी थुंकलात तेव्हापासून ठाऊक आहे मला. आज ती गिळा."

९

खरवडलेल्या कागदावर तशीच शाई लावली तर ती फुटते. आधी ती जागा घोटून गुळगुळीत करून घ्यावी लागते. मी भिंतीपुढे बसून अंगठ्याच्या नखानं घोटायला लागलो. दुपारचे तीन वाजले असतील. कुंदाला सुहासिनीनं माझ्या मागे जमिनीवर बसवलं आणि ती माईला घेऊन अंजनीबाईंकडे गेली. तिला बघायचं नव्हतं. मलाही नव्हतं, पण चित्र काढायचं तर बघावंच लागतं.

नखाखाली कागद कोमट लागला. मी पेन बुडवलं. वरचा ओठ काढला, सैल, पुढे आलेला. लव एकेक करून काढली. मग खालचा ओठ. मग जीभ. मी श्वास धरला, तसा हात सरळ चालायला लागला. दाढा काढताना मी त्यांच्या कडा गोल केल्या, पोरीच्या घासात खडा राहू नये म्हणून. इतकं चांगलं तोंड मी आयुष्यात काढलं नव्हतं. ते बघून मला ओकारी येत होती आणि मी ते आणखी चांगलं करत होतो.

शेवटची रेघ वाळली आणि माझ्या मागे आवाज सुरू झाला.

चप. चप. मग ती लांब ओढ.

मी वळलो नाही. पण देवापुढे माईनं घासून ठेवलेला तांब्या होता आणि त्यात मागची खोली वाकडी होऊन दिसत होती. कुंदाचं वर केलेलं इवलंसं तोंड दिसलं. त्याच्या वरून काहीतरी करडं, ओलं, फार सावकाश खाली आलं. ते तिच्या तोंडाला लागलं तेव्हा तिनं दोन्ही हातांनी ते धरलं, जशी ती पूर्वी सुहासिनीचा गाल धरायची. मी डोळे मिटून घेतले. पुढचं मी पाहिलेलं नाही आणि कुणी विचारू नये.

बऱ्याच वेळानं लहान पावलं वाजली. ती चालत होती. माझी पोरगी चालत होती! तिनं माझा सदरा ओढला तसे मी डोळे उघडले. तिचा चेहरा ओला होता, केस एका बाजूला बसलेले, गालांवर रंग परत आलेला. आठवड्यात पहिल्यांदाच ती माझ्याकडे बघून हसली. मला इतकं भरून आलं की मी तिला त्या वासासकट छातीशी धरलं.

तिचा एक गाल फुगलेला होता. अर्धा घास तिनं माझ्यासाठी ठेवला होता.

"बाबा," ती भरल्या तोंडानं म्हणाली आणि माझ्या मांडीवर चढून तिनं आपलं तोंड माझ्या तोंडापाशी आणलं. "आ कला."

मी मान मागे घेतली. तिचं हसू मावळलं. ओठ थरथरायला लागले, आणि त्याच क्षणी तिच्यामागे, आता चित्राच्या भिंतीकडे सरकलेलं चघळणं थांबलं. ते वाट बघत होतं. पोरीचा घास बाप घेतो की नाही, हे कुणीतरी बघत होतं.

मी तोंड उघडलं.